काढून पुन्हा घालू नका

साईनाथ गुरव माझ्या वर्गात होता तेव्हा गणिताची वही सर्वांत शेवटी दाखवायचा. उत्तर येत नसे म्हणून नव्हे. बाकीची मुलं उत्तर मिळालं की धावत टेबलाशी यायची. हा मान खाली घालून ताळा करत बसलेला असायचा. भागाकार असला की गुणाकार करून बघायचा, वजाबाकी असली की बेरीज. ताळा जमला तरी लगेच उठायचा नाही. एकदा मी म्हटलं, "अरे, जुळलं ना? मग आता कसली वाट बघतोयस?"

"बाई, दोन्हीकडे सेम चूक झाली असली तर जुळणारच ना."

तेव्हा तो बारा वर्षांचा होता. आता सत्तेचाळीसचा आहे. कोपरीतली खोली सोडून डोंबिवली पूर्वेला राहायला गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. आई-वडील इथे होते तोवर येणं ओघानेच होतं. ते गेल्यावरही दोन-तीन महिन्यांतून एकदा माझ्याकडे येऊन जातो. चपला दाराबाहेर भिंतीला समांतर काढतो. चहात साखर किती विचारलं तर "दीड चमचा" म्हणतो. त्याची बायको प्राची मला म्हणाली होती, "बाई, यांना 'साधारण' असं काही नसतंच हो. मीठ बरोबर आहे का विचारलं तर म्हणतात, कशाच्या मानाने?"

वडील एका कंपनीच्या फाटकावर रखवालदार होते. पण मूळचे संगमेश्वराकडच्या गावचे गुरव. गावच्या देवळातली पूजा पाळीपाळीने यांच्या घराकडे येते, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत साईनाथही देवळात वडिलांच्या हाताखाली असायचा. पूजा करण्याची ती रीत त्याच्या हातात उतरली आणि पुढे कारखान्यातही कामी आली. मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीत हरिहर पटवर्धनांचा लहानसा कारखाना आहे, तीसेक माणसांचा. तिथे सर्किट बोर्ड बनतात. पटवर्धन डोंबिवलीचे जुने रहिवासी, मृदू बोलणारे, पासष्टीचे. दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची ती साईनाथच्याच हातून, असा त्यांचा आग्रह. एरवी साईनाथचं काम टेस्टिंगचं. बोर्ड तयार झाला की तो शेवटी याच्या टेबलावर येतो, आणि याची सही झाल्याशिवाय खोका बंद होत नाही.

हे जे घडलं ते त्याने मला थोडं त्या वेळी, थोडं मागाहून सांगितलं. मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे.

गेल्या वर्षी कारखान्याला पहिल्यांदाच दवाखान्याच्या यंत्राचं काम मिळालं. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक तार आत घालतात आणि ती हृदयापर्यंत नेतात. डॉक्टर समोरच्या पडद्यावर बघत बघत तार पुढे सरकवतात. आतलं चित्र टिपणारा भाग एकीकडे आणि पडदा दुसरीकडे. मधे चित्र पोचवायचं काम या बोर्डाचं. वहीच्या पानाएवढा बोर्ड, एका कडेला सोनेरी पट्ट्यांची ओळ. ती कड यंत्राच्या खाचेत बसते.

"पूर्वी बऱ्याच तारा शेजारी शेजारी असायच्या, बाई," त्याने मला समजावलं होतं. "आता एकच जोडी. तिच्यातून सगळं एकामागून एक पळतं. शून्य नाहीतर एक. सेकंदाला पाचशे कोटी."

"आणि त्यातला एखादा चुकला तर?"

"शून्याचा एक होतो, एकाचा शून्य. ज्या चित्रात तो असेल ते चित्र यंत्र टाकून देतं."

"म्हणजे पडदा काळा होतो."

"नाही ना! काळा झाला असता तर बरं झालं असतं. आधीचं चित्र तसंच ठेवतं. एखादं चित्र गेलं तर डोळ्याला कळतही नाही, सेकंदाला पंधरा असतात. पण ओळीने चाळीस-पन्नास गेली तर तीन सेकंद जुनंच दिसत राहतं. आणि डॉक्टरला वाटतं, समोर आत्ताचं आहे."

पहिला लॉट चोवीस बोर्डांचा. दसऱ्यानंतर नऊ बोर्ड गेले, यंत्रं बसवणाऱ्या कंपनीमार्फत नऊ दवाखान्यांत पोचले. बाकीचे पंधरा शेवटच्या टेस्टिंगसाठी कारखान्यातच होते.

दिवाळी संपली आणि त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. एका ठिकाणी चित्र अडकल्यासारखं वाटलं होतं. विशेष काही नाही, बोर्ड काढून पुन्हा घातला, चालू झालं. आठ दिवसांनी दुसऱ्या गावाहून तसाच फोन. तिथेही काढून घातलं, तिथेही चालू झालं.

या धंद्यात हा पहिला उपाय असतो. काही अडलं की बोर्ड खाचेतून काढायचा आणि पुन्हा दाबून बसवायचा. कारखान्यात त्याला नुसतं 'काढ-घाल' म्हणतात. साईनाथनेच कितीतरी मुलामुलींना ते शिकवलं होतं. दहापैकी आठ वेळा काम होतं, आणि कशामुळे झालं ते कोणी विचारत नाही.

दुसऱ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता साईनाथने राहिलेल्या पंधरांपैकी एक बोर्ड टेबलावर लावला. पडद्यावर चुका मोजणारा आकडा होता. शून्य, शून्य, मग तीन. आणि पापणी लवायच्या आत चव्वेचाळीस. त्याने सवयीने बोर्ड काढला, पुन्हा घातला. शून्य. तासभर चालू ठेवला. शून्य.

 त्या तासात त्याला आठवलं, महिन्यापूर्वी त्या गेलेल्या नऊ बोर्डांपैकी काहींनीही असंच केलं होतं. कितींनी, ते आठवेना. रजिस्टर उघडलं तर नवांपुढे नऊ शून्यं होती, नऊ वेळा 'पास', आणि त्याची सही. काढ-घाल करायच्या आधीचा आकडा त्याने कुठेच लिहिला नव्हता. तो आकडा लिहायचा असतो असं कोणाला वाटतच नसे.

मग शोध सुरू झाला. केबल बदलली. वीज पुरवणारा भाग बदलला. टेबलावरची खाच बदलली. शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर दोन तास बंद ठेवायची विनंती केली, शेजारी म्हणाला, "गुरव, तुमच्या शून्य-एकापायी आमचं प्रॉडक्शन थांबवू काय?" पण ठेवला बंद. चुका येतच राहिल्या. आणि विचित्र असं की सकाळीच यायच्या. अकरा वाजले की सगळे बोर्ड शहाण्या मुलांसारखे वागायचे. दिवसभर बघा, एक चूक नाही. रात्री कारखाना बंद, सकाळी पुन्हा तेच. सोमवारी, म्हणजे रविवारच्या सुट्टीनंतर, सर्वांत जास्त.

डोंबिवलीत अशा वेळी एक आरोपी तयारच असतो, एमआयडीसीची हवा. भांडी काळी पडली, पंखे गंजले, घसा धरला, सगळं हवेवर घालायचं. आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पटवर्धन म्हणाले, "हवाच असणार, साईनाथ. खोक्यात आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या घालू, आणि पुढच्या लॉटला वरून लेप देऊ."

"पुढच्या लॉटला द्या साहेब. पण आपले बाकीचे बोर्ड याच हवेत बारा वर्षं बनतायत. त्यांना का नाही झालं?"

पटवर्धनांनी पुड्या मागवल्या, साईनाथ टेबलाशी परतला.  आणि रोज सकाळी, त्याच वेळी, नऊ गावांत पहिला रोगी टेबलावर घेतला जात होता.

कारखान्यात ऋजुता नावाची एक इंजिनिअर मुलगी आहे, वर्षभरापूर्वी लागलेली. वर्तकनगरहून स्कूटरवर येते, भरभर बोलते, आणि मोठ्या माणसाला चूक सांगताना तिचे कान लाल होतात. ती एका मोठ्या मापनयंत्राच्या पडद्यावर सिग्नल बघते. लाखो शून्य आणि एक एकमेकांवर रचले की मधे डोळ्याच्या आकाराची मोकळी जागा दिसते. डोळा उघडा असला तर शून्य कोणता आणि एक कोणता हे निर्विवाद कळतं. मिटत आला की ओळख पटेनाशी होते.

त्या दिवशी सकाळी डोळा अर्धा मिटलेला होता. साईनाथचा हात बोर्डाकडे गेला.

"सर, आज काढू नका ना, प्लीज."

"अगं, मग कळणार कसं?"

"काढल्यामुळेच कळत नाहीये." तिचे कान लाल झाले होते. "आपण रोज सकाळी येतो आणि पहिल्यांदा पुरावा पुसून टाकतो. चुकू दे ना त्याला आज."

मग दोघं हात मागे घेऊन उभी राहिली. साईनाथ म्हणाला, आयुष्यात इतकी लांब सकाळ त्याने पाहिली नाही. बोर्ड चुकत होता, आकडा वाढत होता, आणि हात लावायचा नाही. पडद्यावरचा डोळा थोडा उघडायचा, पुन्हा मिटायचा, झोप येणाऱ्या माणसासारखा. साडेदहाच्या सुमारास, बोर्ड तापून कोरडा झाल्यावर, तो कोणीही हात न लावता पूर्ण उघडला.

"ओल," ऋजुता म्हणाली. "रात्री कशात तरी ओल धरते, आणि गरम झालं की जाते. पण कशात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोर्ड यंत्र चालू न करताच खाचेतून अलगद, सरळ बाहेर काढला आणि सोनेरी कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ऋजुताने आधी पाहिलं.

"सर, इथे गंज आहे का?"

"सोन्याला गंज येत नाही," म्हणत साईनाथ वाकला. पट्ट्यांच्या मधल्या फटीत आणि एका पट्टीच्या टोकाला बारीक, लालसर, किंचित तेलकट असं काहीतरी चिकटलं होतं. दबून पसरलेलं. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग त्याने डोकं वर केलं आणि स्वतःचा जेवणाचा डबा उघडला. ऋजुताला वाटलं, याला घेरी येतेय, काही खायचं असेल. त्याने डब्यातली लिंबाची फोड काढली, कापसाच्या काडीने तो लाल कण उचलून कागदावर टेकवला, आणि त्याच्यावर एक थेंब पिळला.

लाल होतं ते पिवळं झालं.

"कुंकू," तो म्हणाला, आणि स्टुलावर बसला.

गावचं कुंकू होतं ते, घरी केलेलं. हळद, लिंबाचा रस, टाकणखार आणि वर तिळाच्या तेलाचा हात. लिंबू पुन्हा पडलं की त्यातली हळद पिवळी दिसते, हे त्याने आईला करताना पाहिलेलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा चोवीस बोर्ड ट्रेमध्ये ओळीने उभे होते. पटवर्धन म्हणाले होते, "हा माल दवाखान्यात जायचाय, साईनाथ. यांनाही लाव." साईनाथ क्षणभर थांबला होता. मग बाळाच्या कपाळाला लावतात तसं, बोर्डाच्या कडेच्या प्लास्टिकला त्याने बोट टेकवलं. चोवीस वेळा. सोनेरी पट्टीला एकदाही नाही, हे तो आजही शपथेवर सांगतो. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच ते कोरड्या फडक्याने पुसून काढलं. आणि त्या पुसण्यात, चिमटीतून सांडलेल्या दोन कणांसकट, ते थोडंथोडं पट्ट्यांवर गेलं. क्षार ओल धरतो, तेल धूळ धरतं. बोर्ड काढला आणि घातला की पट्ट्या घासल्या जाऊन तात्पुरत्या स्वच्छ होतात. फटीतलं कुंकू तिथेच राहतं, आणि रात्रीची ओल धरून पुन्हा पट्टीवर येतं.

ऋजुता काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हणाली, "सर, तुम्ही चांगल्यासाठीच केलेलं ना."

"ते बोर्डाला माहीत नाही," साईनाथ म्हणाला.

त्या दिवशी शुक्रवार होता. तो पटवर्धनांच्या केबिनमध्ये गेला, सगळं सांगितलं. पटवर्धनांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी रागावून बोलावं असं साईनाथला वाटत होतं. ते रागावले नाहीत.

"परत मागवू या. पण पत्र जपून लिही. कुंकू वगैरे नको. 'क्वचित एखादी चूक आढळू शकते, सोयीनुसार बोर्ड बदलून देऊ', एवढं पुरे. नियमात एक लाख कोटींमागे एक चूक चालते. आपण त्याच्या आत आहोत."

"सरासरीने, साहेब."

"नियम सरासरीचाच आहे."

"साहेब, पास मी केलंय." साईनाथ उभाच होता. "पहिल्यांदा चूक दाखवली ती लिहिली नाही. काढून घातलं, मनासारखं आलं, ते लिहिलं. गावाला आमचे बाबा कौल लावायचे. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा एका माणसाला डावी पडली. म्हणाला, परत लावा. बाबांनी नाही लावली. म्हणाले, कौल मिळालाय तुला. आवडला नाही म्हणून पुन्हा विचारतोस. मी पुन्हा विचारलं, आणि किती वेळा तेही लिहिलं नाही."

पटवर्धनांनी चष्मा पुन्हा घातला. "मसुदा कर," ते म्हणाले. "मला वाचून दाखव. मग पाठवू."

शनिवारी दुपारी साईनाथ माझ्याकडे आला. चपला कशाही काढल्या होत्या. चहा नको म्हणाला. बॅगेतून कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"बाई, हे तपासून द्या. 'क्वचित' हा शब्द बरोबर आहे का?"

"कशाच्या मानाने?" मी विचारलं.

तो हसला नाही. मी पेन्सिल घेतली. एक लाख कोटींमागे एक चूक. सेकंदाला पाचशे कोटी. भागाकार सोपा होता, दोनशे सेकंद. म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंदांनी एक. आणि तार तासभर आत असते.

"हे क्वचित नाही रे."

"आणि बाई, त्या अशा ठरलेल्या अंतराने येतच नाहीत. दिवसभर एक नाही, आणि सकाळी दोन-तीन सेकंदांत सगळ्या. सरासरी काढली की छान दिसतं."

शाळेत पस्तीस वर्षं मी सरासरी काढल्या. वर्गाची सरासरी साठ असते तेव्हा एखादं पोर शून्यावर बसलेलं असतं, आणि निकालपत्रकाच्या तळाशी ते दिसत नाही. मी 'क्वचित'वर रेघ मारली. 'सोयीनुसार'वरही मारली. आम्ही पुन्हा लिहायला बसलो. बोर्डांचे क्रमांक, दोष काय, केव्हा दिसतो, दिसला तर पडद्यावर कसा दिसेल. वापर लगेच थांबवावा. कुंकू हा शब्द साईनाथने स्वतः घातला. "कारण लिहिलं नाही तर त्यांना ते खरं वाटणार नाही," म्हणाला.

मी शेवटचं एकच विचारलं. "हे पत्र ज्याला मिळेल, तो आधी काय करील?"

"काढ-घाल," साईनाथ म्हणाला.  मग त्याने पेन घेतलं आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं: बोर्ड काढून पुन्हा घालू नका. चालू झाला तरी चालू समजू नका.

त्याने माझ्याच खोलीतून पटवर्धनांना फोन लावला आणि पूर्ण पत्र वाचून दाखवलं.  मग मला ऐकू आलं, "खाली माझीही सही घाल. पाठव."

रविवार संध्याकाळपर्यंत आठ दवाखान्यांनी यंत्र थांबवल्याचं कळवलं. नवव्याचं उत्तर नव्हतं. जिल्ह्याच्या गावातला दवाखाना. तिथलं यंत्र सूरज नावाचा मुलगा सांभाळायचा. दवाखान्याचा फोन खणखणत राहिला, सूरजचा बंद होता. यंत्रं बसवणाऱ्या कंपनीलाही तो सापडला नाही. साईनाथने रविवारी किती फोन केले ते प्राचीने मला सांगितलं. तो स्वतः बोलला नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं: उद्या सोमवार. यंत्र दीड दिवस बंद, थंड, ओलसर.

सोमवारी दहा वाजता सूरजने फोन उचलला. साईनाथ कारखान्यात होता, शेजारी ऋजुता.

"हां काका, लेटर आलेलं बघितलं मी. पण टेन्शन नको, मी शुक्रवारीच काढून बसवलेला. तुमच्या लेटरच्या आधी. एकदम मक्खन चाललंय."

"आज केस घेतल्या?"

"दोन झाल्या. तिसरी चालू आहे."

"तार आत आहे?"

"मग? आत असणारच ना, वीस मिनिटं झाली."

साईनाथचा आवाज चढला नाही, असं ऋजुता सांगते. उलट तो खूप हळू झाला, लहान मुलाला विहिरीच्या काठावरून हाक मारावी तसा. "सूरज, नीट ऐक. आत जा. डॉक्टरांना सांग, पडद्यावर हृदय हलताना दिसलं पाहिजे. ते थांबलेलं दिसलं तर हात थांबवायचा. चित्र हलेपर्यंत तार एक मिलिमीटर हलवायची नाही."

"अहो काका, मध्येच कसं जाऊ? डॉक्टर मला फाडून खातील."

"खाऊ देत. जा. फोन चालू राहू दे."

पावलं ऐकू आली. एक दार. कोणीतरी मोठ्याने "कोण आहे रे?" म्हणालं. मग नुसता यंत्राचा टिक-टिक आवाज, आणि तोही मधूनमधून. बावीस मिनिटं. साईनाथने फोन कानापासून काढला नाही. पटवर्धन येऊन दाराशी उभे राहिले होते.

सूरज परत आला तेव्हा त्याचा आवाज वेगळा होता. "झालं काका. तार बाहेर काढली. पेशंट बोलतोय."

"थांबलं होतं?"

"एकदा. डॉक्टर म्हणाले तीन-चार सेकंद. सांगितलेलं म्हणून त्यांनी हात थांबवला, नाहीतर ते पुढे ढकलतच होते."  मग म्हणाला, "मशीन बंद केलं मी."

"सकाळच्या दोन केसेसमध्ये थांबलं होतं का?"

"मला काय माहीत, काका? तेव्हा कोणी बघत नव्हतं."

बोर्ड कुरिअरने मागवता आला असता. साईनाथने ऐकलं नाही. पटवर्धनांनी स्वतःची गाडी आणि ड्रायव्हर दिला. दुपारी तो तिथे पोचला, यंत्राचा मागचा पत्रा उघडला, बोर्ड काढला, चंदेरी पिशवीत घातला. सूरज मान खाली घालून बॅटरी धरून उभा होता.  निघताना साईनाथने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग त्याने डॉक्टरांची भेट मागितली. डॉक्टर भले होते. म्हणाले, दुसरी केस ठीक आहे, उद्या घरी जाईल. पहिल्या केसमध्ये रक्तवाहिनीला आतून इजा झाली, म्हातारा आयसीयूत आहे. हे कधीकधी होतं. चित्र उत्तम असलं तरी होतं. आज ते चित्रामुळे झालं का, साईनाथने विचारलं.  डॉक्टर म्हणाले, तसं आठवत नाही, पण थांबलेलं चित्र थांबलंय हे मला तेव्हा कळलं तरी असतं का? यंत्रात चुकांची नोंद राहते का, असं त्यांनीच विचारलं. नोंद यंत्र बंद केल्यावर पुसली जाते, आणि सूरजने ते बंद केलं होतं. दुसरं तो करणार काय?

साईनाथ तिथून निघाला तो आयसीयूच्या दाराशी आला. पुढे गाडीकडे जायचं होतं, पण तो तिथेच उभा राहिला. बाकावर एक बाई बसल्या होत्या, साठीच्या, नऊवारी लुगडं, पायाशी पिशवी आणि स्टीलचा डबा. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या चंदेरी पिशवीकडेही पाहिलं. औषध वाटलं असावं.

"तुमचं कोण हाय आत?" त्यांनी विचारलं.

साईनाथला खोटं बोलता येत नाही. "अजून काही कळलं नाही," तो म्हणाला.

"आमालाबी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्याला बसायला जागा करून दिली.